व्हॅरम पर्सीच्या खड्ड्यातली माणसं

हाडावरची सुरीची खूण बघायची तर दिवा तिरपा धरावा लागतो. त्या दिवशी माझ्यासमोर बरगडीचे दोन तुकडे होते. उजेड खाली आणला आणि बारीक, सरळ रेघा उठून दिसल्या. उत्खननात अवजार लागलं तर ओरखडा ताजा, फिकट दिसतो. या रेघांच्या आतला रंग मात्र हाडाइतकाच जुना. माझ्या पोटात गोळाच आला.

हे तुकडे इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधल्या व्हॅरम पर्सी या उजाड गावचे. तिथे 1950 पासून चाळीस वर्षं उत्खनन चाललं. गावाची चढती-उतरती कळा तिथल्या सेंट मार्टिन चर्चच्या भिंतींतच दिसते. वस्ती वाढली तशा चर्चला बाजूच्या पडव्या जोडल्या, माणसं घटली तशा त्या पाडून कमानी बुजवल्या. 1500 च्या सुमारास मेंढ्यांच्या कुरणांसाठी उरलेल्यांनाही उठवलं.

चर्चच्या आवारात जवळजवळ सातशे सांगाडे मिळाले, रीतसर पुरलेले. माझ्या टेबलावरची माणसं मात्र घरांच्या मधल्या खड्ड्यांत सापडली होती. किमान दहा जण, त्यांत दोन ते चार वर्षांचं एक मूल आणि पन्नाशी उलटलेलंही कुणीतरी. हाडं मोडलेली, भाजलेली.

दुष्काळात माणसांनी माणसं खाल्ली असतील? मग सुरी मोठ्या सांध्यांवर आणि स्नायूंच्या जागी जास्त चालली असती. इथे खुणांचा भर डोक्याकडे, मानेकडे. कुणी परके होते म्हणून ही गत? तेही नाही. बालपणीच्या अन्नपाण्यातलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य दातांच्या एनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कठीण थरात, कायमचं राहतं. त्याची घडण प्रदेशातल्या खडकांनुसार बदलते, आणि या दातांनी सांगितलं की ही माणसं याच भागातली. म्हणून 2017 च्या अभ्यासाने कौल दिला तो मेलेला माणूस उठून परत येईल या धास्तीकडे, म्हणजे तसं होऊ नये म्हणून प्रेतं कापली, मोडली, जाळली असावीत. यॉर्कशरमध्येच राहणाऱ्या न्यूबरोचा विल्यम या इतिहासकाराने बाराव्या शतकात अशा प्रेतांच्या हकिकती लिहून ठेवल्यात.

मला हा उलगडा पटतो, पण त्या मुलापाशी मी अडते. आणि हा एखाद्या रात्रीचा घबराटीचा प्रकारही नव्हता, हाडांचा काळ अकराव्या ते चौदाव्या शतकापर्यंत पसरलेला आहे. कित्येक पिढ्या गाव आपल्यातल्याच कुणाकुणाला चर्चची माती नाकारत राहिलं. यांना कुणी ‘इंग्लंडची भुतं’ म्हणून दाखवलं की मला संताप येतो. त्याच शिवारात राबलेली, तिथलंच पाणी प्यालेली माणसं होती ती, चर्चशेजारी निजलेल्या सातशे जणांसारखीच.