कळस तेवढा दिसला

वाल्ह्यात आमच्या घरी माउलींच्या पालखीचं वेळापत्रक कधी कुणाला वाचावं लागलं नाही. जेजुरीहून ती कधी निघणार, लोणंदला कधी पोचणार, सगळं तोंडपाठ; त्या हिशेबानं आजी पिठल्याची चूल पेटवायची. त्यामुळे तैवानमधल्या शिंचूतल्या ऑफिसातली मैत्रीण जेव्हा म्हणाली, "आमच्या मात्सूची वाट ठरलेली नसते," तेव्हा मला वाटलं, माझं चिनी कुठेतरी चुकतंय.

चुकत नव्हतं. मात्सू म्हणजे समुद्राची देवी; तिचीही पालखी निघते. बायशातुन गावच्या गोंगत्येन मंदिरातून निघायचं, बेइगांगला जायचं आणि परत यायचं, एवढंच नक्की. जाऊन-येऊन साधारण 400 किलोमीटर. मधली वाट आणि मुक्काम देवीच्या मर्जीवर. चौघांच्या खांद्यावर छोटीशी पालखी, वर गुलाबी आच्छादन. चौकात आली की ती पुढे-मागे डुलते, आणि मग वळेल तिकडे सगळे. मागे पडलेले लोक मोबाइलवर तिचा ठिपका शोधत पळतात.

सुट्टी दोनच दिवसांची होती, म्हणून मी सीलुओच्या लाल लोखंडी पुलापाशी सामील झाले. 1953 साली खुला झालेला हा पूल जवळजवळ दोन किलोमीटर लांब आहे. खाली च्वोश्वेइ, तैवानची सर्वांत लांब नदी. नावाचा अर्थच 'गढूळ पाणी'. चालणं कसलं, अर्धं पळणंच ते. वारीत टाळांच्या ठेक्यावर पाऊल आपोआप पडतं. इथे ठेका ज्याचा त्यानं धरायचा. मी मनातल्या मनात 'ज्ञानोबा-तुकाराम' सुरू केलं. देवीची हरकत दिसली नाही.

चालणाऱ्यांना तैवानी बोलीत 'ह्युंग-तिंग-खा' म्हणतात: उदबत्ती, दिवा, पाय. दारोदार फळं-उदबत्त्यांची टेबलं मांडलेली, आणि खायला इतकं की नको म्हणायची लाज वाटावी. "सू-श?" म्हटलं की शाकाहारी डबा हातात. एका आमांनी (आजीला इथे आमा म्हणतात) डबा रिकामा होईपर्यंत मला उठूच दिलं नाही. आता काय, सरळच जायचं, अशा थाटात मी निघाले. पालखी केव्हाच एका बोळात वळली होती. अर्धा तास भाताच्या खाचरांमधून मी एकटीच.

बेइगांगला पोचले तेव्हा टाचेला दोन फोड. चुंगशान रस्ता थेट चाओत्येन मंदिराच्या तोंडाशी जातो. 1694 साली एका भिक्षूनं चीनच्या मेइचौ बेटावरून मात्सूची मूर्ती इथे आणली, तेव्हापासूनचं हे ठाणं. दुतर्फा उदबत्त्या, शेंगदाणे, काळ्या तिळाचं तेल, ताटाएवढ्या गोल मिठाया. पण त्या दिवशी दुकानं दिसली ती माणसांच्या खांद्यांवरून. फटाक्यांचा लाल कागद घोट्यापर्यंत, धुरानं डोळे चुरचुरतायत. पालखी दारापाशी मागेपुढे होत राहिली आणि आत शिरली तेव्हा रस्ताभर जो आवाज उठला, तो फक्त ऐकला. माझ्यापुढे एक उंच गृहस्थ होते.

मंदिराचं छप्पर मात्र स्वच्छ दिसत होतं. चिनी मातीची भांडी कापून, एकेक कपची चिकटवून केलेले ड्रॅगन. खवल्याखवल्यावर दिव्यांचा उजेड. पंढरपुरात आजी गर्दी बघून लांबूनच हात जोडायची: "कळस बघितला, झालं." मीही जोडले.

मैत्रीण सांगत होती, आत दगडी पायरीत एक खिळा आहे. वादळात आईची ताटातूट झालेल्या मुलानं, आईवडील भेटणार असतील तर हा दगडात जाऊ दे म्हणून ठोकलेला. तो गेला आणि दोघंही भेटले, अशी कथा. तो बघायचा राहिला. बस सुटायची वेळ झाली होती.

रात्री आईचा फोन.

"दर्शन झालं का गं?"

"कळसाचं."

"बरं. आणि पायाला काय लावतेस?"

"तिळाचं तेल. मंदिराच्या रस्त्यावरचंच आहे."

"कोमट करून लाव."