पडद्यामागचा मोझार्ट

ठाण्यातील आणि वाशी-नेरूळकडील ओळखीचे पालक मला वारंवार विचारतात की, मुलांना पाश्चात्त्य व्हायोलिन शिकण्यासाठी युरोपात पाठवावे का, आणि पाठवलेच तर पुढे त्यावर त्यांचा चरितार्थ चालेल का. व्हिएन्नातील शिक्षण संपवून मी सध्या ऑर्केस्ट्रांच्या निवडचाचण्या देत आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करते.

चाचणीच्या पहिल्या फेरीत उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये बहुधा पडदा असतो. वाजवणारी व्यक्ती कोण, कुठली, कोणाची शिष्या, हे परीक्षकांना कळू नये यासाठी ही व्यवस्था आहे, आणि मला ती अतिशय न्याय्य वाटते. वाजवायचे काय, हे मात्र जवळपास ठरलेले असते : मोझार्टने १७७५ मध्ये, वयाच्या १९व्या वर्षी, साल्झबुर्गमध्ये लिहिलेल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोंपैकी (एकल व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनांपैकी) एकाचा पहिला भाग. कागदावर ही रचना फारशी अवघड दिसत नाही. परंतु तिची वीण इतकी विरळ आहे की, गजाचा असमान दाब किंवा किंचित ढळलेला स्वर तिच्यात लपून राहत नाही. त्यानंतर ऑर्केस्ट्राच्या रचनांतील ठरावीक उतारे वाजवावे लागतात, आणि रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन जुआन’ची वेगवान सुरुवात त्यांत बहुतेक वेळा असतेच.

माझे पहिले शिक्षण नौपाड्यात, मांडी घालून, व्हायोलिनचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवून झाले. तारा षड्ज-पंचमात लावलेल्या असत आणि वाशीच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही मी त्याच बैठकीत दिल्या. पुढे उभे राहून, हनुवटीखाली व्हायोलिन धरून क्रॉयट्झर या व्हायोलिनवादकाचे ४२ अभ्यासपाठ गिरवताना डावा हात अक्षरशः नव्याने घडवावा लागला, कारण मींडेसाठी मोकळा सरकणारा हात येथे नेमक्या जागा बदलत जातो.

कान मात्र नव्याने घडवावा लागला नाही. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. सप्तकाचे १२०० समान भाग मानले, तर पियानोचा शुद्ध गंधार ४००व्या भागावर असतो आणि हा स्वयंभू गंधार सुमारे ३८६व्या. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये (दोन व्हायोलिन, एक व्हियोला आणि एक चेलो अशा चौघांच्या वादनात) खालच्या पट्टीतल्या चेलोने आधारस्वर धरलेला असताना व्हायोलिनवाल्याला हाच उतरता गंधार लावावा लागतो. माझ्या वर्गातील उत्तम तयारीच्या मुलांनाही तो शोधावा लागत असे. मला तो तानपुऱ्यामुळे परिचयाचा होता. म्हणूनच मुलांनी पाश्चात्त्य व्हायोलिन हाती घेतले, तरी तानपुऱ्यासोबतचा रियाज बंद करू नये, असे मी प्रत्येक पालकाला आग्रहाने सांगते.

चरितार्थाचे उत्तर इतके सरळ नाही. चाचणी जिंकल्यावरही कायम होण्यापूर्वी परीक्षेचा काळ असतो. नववर्षाच्या मैफलीमुळे आपल्याकडेही ओळखीच्या झालेल्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकमध्ये तर थेट प्रवेशच नाही : आधी येथील स्टेट ऑपेराच्या ऑर्केस्ट्रात निवड व्हावी लागते आणि तेथे किमान ३ वर्षे वाजवल्यावरच सदस्यत्वासाठी अर्ज करता येतो. तोपर्यंत तरुण वादक बदली वादक म्हणून जातात, शिकवण्या घेतात, आणि रविवारी चर्चमध्ये हायडनच्या ‘मास’ला (प्रार्थनाविधीसाठीच्या संगीतरचनेला) ऑर्केस्ट्रात बसतात. अशा कामाला पुरेशी तालीम क्वचितच मिळते. पहिल्याच वाचनात शेजारच्या वादकाच्या गजाशी आपला गज जुळवावा लागतो. हे कौशल्य विद्यापीठात मला इतके शिकता आले नव्हते. माझी पुढची चाचणी ऑर्केस्ट्रातील ‘दुसऱ्या व्हायोलिन’ गटातल्या जागेसाठी आहे आणि तिच्यासाठी सध्या मोझार्टचा पाचवा कॉन्चेर्टो पुन्हा संथ लयीत वाजवणे चालू आहे.