हळदीच्या पट्टीचं पान मॉड्यूलमध्ये तोडताना

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, ब्राउझरमध्येच निघते: वजन, दर, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. सगळा कोड एकाच जावास्क्रिप्ट फाइलीत होता. मी त्याची चार मॉड्यूल केली, म्हणजे एकमेकांना कोड देणाऱ्या (एक्सपोर्ट) आणि एकमेकांकडून घेणाऱ्या (इम्पोर्ट) चार फाइली: दर, हिशोब, छपाई आणि या तिघांना हाक मारणारी मुख्य.

एचटीएमएलमध्ये फक्त मुख्य फाइल जोडायची, तीही स्क्रिप्ट टॅगला टाइप मॉड्यूल देऊन. एवढं केल्यावर पान डबल क्लिकने उघडलं तर कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी) कॉर्सची, म्हणजे फाइल कुठून घेता येईल याच्या नियमाची, लाल ओळ येते, कारण मॉड्यूल थेट डिस्कवरून लोड होत नाहीत. लोकल सर्व्हर, म्हणजे त्याच संगणकावरून ब्राउझरला पान देणारा प्रोग्राम, हवाच. पायथॉनचा एका ओळीचा पुरतो. इम्पोर्टमध्ये फाइलीचा पत्ता लिहिताना सुरुवातीचा टिंब-स्लॅश आणि शेवटचं डॉट जेएस, दोन्ही लागतात. फाइलनावातलं कॅपिटल-स्मॉल विंडोजवर खपून जातं, लिनक्स सर्व्हरवर ४०४, म्हणजे 'फाइल सापडली नाही', येतो.

नावाने एक्सपोर्ट केलेलं महिरपी कंसात, त्याच नावाने घ्यायचं. डिफॉल्टला, म्हणजे फाइलीच्या एकमेव मुख्य एक्सपोर्टला, कंस नाही आणि नाव घेणारा ठरवतो. मी डिफॉल्ट टाळतो: एकच फंक्शन तीन फाइलींत तीन नावांनी आलं की शोधणं अवघड.

मग 'पट्टी छापा' बटण बंद पडलं. मॉड्यूलमधलं फंक्शन ग्लोबल, म्हणजे पानात कुठूनही दिसणारं, नसतं, त्यामुळे एचटीएमएलमधल्या ऑनक्लिकला ते सापडत नाही. कोडमधूनच ॲडइव्हेंटलिसनरने बटणाला जोडलं की चालतं.

हमालीच्या दराची गंमत निराळी. दर फाइलीत तो लेटने, म्हणजे किंमत बदलता येईल असं व्हेरिएबल करून, ठेवला आणि एक्सपोर्ट केला. इम्पोर्ट म्हणजे किमतीची नक्कल नव्हे, मूळ व्हेरिएबलशी जिवंत जोडणी. तिथे दर बदलला की हिशोबाला नवाच दिसतो. पण हिशोबाच्या फाइलीतून त्यात किंमत भरू गेलं तर टाइपएरर. म्हणून दर बदलणारं फंक्शन दर फाइलीतच लिहून तेही एक्सपोर्ट केलं.

राहिला दुकानातला संगणक. तिथे रोज सकाळी सर्व्हर कोण चालू करणार? ईएसबिल्ड या फाइली जोडणाऱ्या साधनाने चारही फाइली बांधून एकच साधी स्क्रिप्ट काढली, टाइप मॉड्यूल काढून टाकलं आणि पान पुन्हा डबल क्लिकवर आलं. मात्र साधी स्क्रिप्ट मॉड्यूलसारखी पान पूर्ण वाचून होईपर्यंत आपोआप थांबत नाही, म्हणून तिला थांबवायला टॅगला डिफर जोडावं लागलं. नाहीतर बटण पानावर येण्याआधीच कोड ते शोधतो आणि हाती नल, म्हणजे काहीच नाही, लागतं.