बाणावलीचा घाणा

गॅलरीत जुनं लाकूड टांगलेलं दिसलं की मला आधी शंका येते, भारी काय आहे? वस्तू की तिच्यावर सोडलेला दिवा? आज सासूबाईंना घेऊन गोव्यात बाणावलीला 'गोवा चित्र' हे संग्रहालय बघितलं आणि तिथे ही शंका काही टिकली नाही.

ते उभं करणारे व्हिक्टर ह्यूगो गोम्स मुळात कलाकार. लोकांनी अडगळीत टाकलेली शेतीची अवजारं, मापं, भांडी त्यांनी गावोगाव फिरून जमवली. कोणती वस्तू कशाला वापरायचे, हेही जाणत्यांना विचारून घेतलं. आज संग्रह 4000 च्या वर आहे. इमारतीलासुद्धा पाडलेल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या.

आम्ही अडकलो तेलाच्या घाण्यापाशी. अवाढव्य धूड! सासूबाई सुरूच झाल्या, "बैल फिरला की ही लाट फिरायची. वाळलेलं खोबरं घेऊन जायचं, तेल घेऊन यायचं. पेंड गुरांना." मग भात मोजायची मापं दिसली. काठ एका बाजूला झिजून गुळगुळीत झालेला. "इथून हात फिरवून सपाट करायचे गो. भाटकाराचा (जमीनमालकाचा) हात वेगळा, मुंडकाराचा (त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) वेगळा. भांडणं व्हायची ती इथंच!" कूळकायद्यावरची एवढी जाडजूड पुस्तकं चाळली, पण हा काठ कुणी दाखवला नव्हता.

जाणार असाल तर सत्तरीपुढचं एक माणूस सोबत न्या. आमच्या मागे तर दोन अनोळखी कुटुंबं लागली होती, सासूबाईंना गाईड समजून. त्यांनीही गैरसमज दूर केला नाही!