घड्याळ एक तास मागे

आज ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. पहाटे २ वाजता इंग्लंडमधली घड्याळं तासभर मागे गेली. फोनमधली आपोआप, स्वयंपाकघरातलं लेकीने स्टुलावर चढून फिरवलं. इथे रेडिंगला पाचच्या आतच सूर्य मावळला.

अंधाराची सवय होते हो, पण साताऱ्याशी असलेलं साडेचार तासांचं अंतर आता मार्चअखेरपर्यंत साडेपाच तासांचं. लेक ४ वाजता शाळेतून घरी येईल, तेव्हा तिकडे रात्रीचे साडेनऊ. आईची झोपायची वेळ.

फोनवर आई म्हणाली, "मी जागी राहीन गं. तिचा आवाज ऐकल्याशिवाय मला कुठली झोप!" मला पुढे बोलवेना.

संध्याकाळी लेकीने जुनं गजराचं घड्याळ साताऱ्याच्या वेळेवर लावून फ्रिजवर ठेवलं. त्यावर चिठ्ठी चिकटवली: 'आजी'.