दुसरा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा

डिचोलीच्या त्या गृहस्थांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पहिला हेल्थ पॅकेजमधला: फिट, म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी. आकडा ४६ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम, लॅबची सीमा २०. तीच तपासणी त्यांनी तीन आठवड्यांनी आपल्या मनाने पुन्हा करून घेतली होती, ती आली ९. वय ५८, भूक चांगली, वजन कायम, हिमोग्लोबिन १३.८.

"डॉक्टर, दुसरा निगेटिव्ह आला. शिवाय मला मूळव्याध आहेच, रक्त तिथलंच असणार. आता दुर्बीण घालून मोठं आतडं बघायची ती कोलोनोस्कोपी कशाला?"

दुसऱ्या वेळचा नमुना कसा घेतला ते विचारलं. शनिवारी संध्याकाळी घेतला, लॅब बंद, म्हणून सोमवारपर्यंत खिडकीत ठेवला. तोही मे महिन्यात. उकाड्यात नमुन्यातलं हिमोग्लोबिन विघटित होतं आणि आकडा खोटाच खाली येतो. पण बाटली फ्रिजमध्ये ठेवली असती तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं. फिटची काडी जेमतेम १० मिलिग्रॅम मळ उचलते आणि पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढणारी, पुढे कधी कॅन्सरमध्ये बदलू शकणारी गाठ, काही रोज रक्त सोडत नाही. एकदा रक्त सापडलं की ते आलं कुठून, हे बघावंच लागतं. नंतर एखाद्या दिवशी सापडलं नाही म्हणून तो प्रश्न सुटत नाही.

मूळव्याध असलेल्याला पॉलिपही असू शकतो. मूळव्याध दिसली की तिथेच थांबणं, ही मी पाहिलेली सर्वांत महागात पडणारी चूक. रक्तातली सीईए ही कॅन्सरची खूण बघणारी तपासणीही इथे कामाची नाही, सुरुवातीच्या टप्प्यात ती बहुतेकदा नॉर्मलच येते.

त्यांचा मुलगा इंग्लंडमधल्या स्विंडनहून फोनवर होता. त्याचा मुद्दा अभ्यासाचा होता: इंग्लंडने २०१९ मध्ये फिट आणली तेव्हा सीमा १२० ठेवली, मग बाबांचे ४६ नॉर्मलच नाहीत का? मी सांगितलं, स्कॉटलंडने ८० ठेवली, नेदरलँड्सने ४७. देशाला वर्षाकाठी किती कोलोनोस्कोपी झेपतील, त्यावरही ही सीमा ठरते. तिथे निगेटिव्ह आलेल्याला दोन वर्षांनी पुन्हा घरपोच किट येतं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, आतड्याची नाही. तुझ्या वडिलांना दोन वर्षांनी कोण बोलावणार?

मग प्रश्न आला, चवथीनंतर केली तर? घाबरण्यासारखी घाई नव्हती. अमेरिकेतल्या सुमारे ७० हजार फिट-पॉझिटिव्ह लोकांच्या २०१७ च्या अभ्यासात कॅन्सरचा धोका ठळकपणे वाढलेला दिसला तो दहा महिन्यांच्या पुढे. पण चवथीनंतर दिवाळी, दिवाळीनंतर जत्रा. त्याच महिन्यातली तारीख घेतली.

पहिली कोलोनोस्कोपी फसली. डावी बाजू स्वच्छ, उजवीकडे पिवळट राड. आतडं किती स्वच्छ आहे ते ठरवणाऱ्या बॉस्टन मोजणीत प्रत्येक भागाला किमान २ गुण हवेत, उजव्याला १ मिळाला. पहाटे उठायचं आणि वाटेत गाडी थांबवायची म्हणून त्यांनी आतडं साफ करणाऱ्या औषधाचे, पॉलिइथिलीन ग्लायकोलचे, दोन्ही लिटर रात्रीच संपवले होते. तसं केलं की रात्रभर लहान आतड्यातून उतरणारं पित्त आणि पाणी नेमकं उजवीकडे साचतं. वर आदल्या दिवशी उकड्या तांदळाची पेज. ती हलकी वाटते, पण तिच्यात कोंडा असतो.

दुसऱ्या वेळी सगळं तासांसकट लिहून दिलं. आदला दिवस सुरय, म्हणजे न उकडलेल्या पांढऱ्या तांदळाचा मऊ भात, पालेभाजी नाही, बियांची फळं नाहीत, सोलकढी आणि बीट नाही, कारण लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. शहाळ्याचं पाणी चालेल. एक लिटर रात्री आठला, दुसरा पहाटे पाचला सुरू, सातला संपलाच पाहिजे, तपासणी दहाला. लोहाच्या गोळ्या सात दिवस आधी बंद. ॲस्पिरिन ७५ चालू ठेवली.

या वेळी सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या उजवीकडच्या टोकापर्यंत, लख्ख दिसलं. दुर्बीण मागे घेताना किमान सहा ते आठ मिनिटं द्यायची असतात, मी उजव्या बाजूची घडीन् घडी दोनदा पाहिली. उजवीकडच्या चढत्या आतड्यात एका घडीच्या पाठीमागे १४ मिलिमीटरचा बसका पॉलिप होता. फक्त डावी बाजू दाखवणाऱ्या छोट्या दुर्बिणीला तो कधीच सापडला नसता, आणि पहिल्या खेपेला तो त्याच राडीखाली होता. खाली सलाइन टोचून उचलला, फासाने अखंड कापला. मूळव्याधही होती, ग्रेड एक.

पॅथॉलॉजी: ट्यूब्युलर ॲडेनोमा, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या जातीचा पॉलिप, पण कॅन्सर नाही, कडा मोकळ्या. पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठा ॲडेनोमा साठीच्या आत निघाला, तर सख्ख्या भावंडांनीही चाळिशीपासून तपासणी करून घ्यायला हवी. त्यांचा धाकटा भाऊ ५१ वर्षांचा आहे, फोंड्याला राहतो. त्याच्यासाठी तयारीचा कागद मी त्यांच्याच हाती दिला आणि पहाटे पाचच्या लिटरखाली दोन रेघा ओढल्या.