अर्जातला तो रकाना

कांदा-लसूण मसाल्याच्या ब्रँडनावाचं माझ्याकडे वकील म्हणून आलेलं प्रकरण मिटलं, पण टीएम-ए, म्हणजे ट्रेडमार्क नोंदणीच्या अर्जातला एक रकाना अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नाव कधीपासून वापरता, असं तिथे विचारलेलं असतं. माझ्या पक्षकारांचा मसाला त्या नावाने 1998 पासून विकला जातोय आणि 2017 मध्ये अर्ज भरणाऱ्याने तिथे निवडलं ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’. म्हणजे अजून वापरलं नाही, पुढे वापरू.

असं का करतात? तारीख टाकली की वापराचं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. 4,500 रुपये सरकारी फी आणि वर थोडी मजुरी घेऊन ढिगाने अर्ज टाकणाऱ्यांना तेवढी सवड नसते. नोंदणी मिळते, पाकिटावर वर्तुळातला ‘आर’ छापता येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. हा निव्वळ कामचुकारपणा आहे.

समोरचा, म्हणजे ज्याच्याशी आमचा वाद होता तो, शेजारच्या जिल्ह्यातला. तेच नाव, तसंच लाल पाकीट, आणि नुकतीच त्याच नावाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. आडनाव किंवा देवाचं नाव असतं तर योगायोग म्हणता आला असता. हे नाव पक्षकारांच्या घरातल्या आजोबांनी स्वतः जुळवलेलं, कुठल्याही कोशात नसलेलं. तिऱ्हाइतामार्फत पक्क्या बिलावर दोन पाकिटं घेतली, एक सीलबंद ठेवलं. मागचा 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, फॉसकॉस या सरकारी परवाना साइटवर टाकला, परवानाधारकाचं नाव-पत्ता मिळाला.

आमच्या नोटिशीच्या उत्तरात त्याने 2014 ची बिलं जोडली आणि ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 पुढे केलं: तुमची नोंदणी 2017 ची, तुमच्याच अर्जाप्रमाणे तोवर तुम्ही नाव वापरलेलंच नाही, मी तुमच्या आधीचा. हे कलम त्याला वाचवतं ते एकाच अटीवर. आमचा पहिला वापर आणि आमची नोंदणी, यातली जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून त्याचा अखंड वापर हवा. आमचा 2014 च्या आधीचा वापर शाबीत झाला की बचाव संपला.

पण तो शाबीत कशावर करायचा? जुनी बिलबुकं बाहेर काढली तर त्यावर फर्मचं नाव आणि खाली नुसतं ‘मसाला, 200 ग्रॅम’. विक्रीकराची विवरणपत्रं, गुमास्ता परवाना, सगळं फर्मच्या नावाने. ब्रँड कुठेच नाही! घरगुती धंद्यांत हे हमखास दिसतं. कोर्टाला हवा असतो नाव आणि माल एकत्र बांधणारा कागद, आणि तोही शक्यतो तिसऱ्याने दिलेला. तो निघाला पाकिटं छापणाऱ्याकडे. त्याच्या 2003 च्या बिलात ओळ होती: मसाल्याच्या पाऊचचे सिलिंडर (म्हणजे छपाईचे रूळ), चार रंग, आणि पुढे ब्रँडचं नाव. त्यानंतरची जवळजवळ दरवर्षीची छपाईची बिलंही त्याच फायलीत होती. अशी फाइल जपणाऱ्या माणसाचे आभार मानावेत तेवढे थोडे.

तेवढ्यात पक्षकारांच्या मुलाचे जुने व्हॉट्सअॅप मेसेज समोर आले. त्याने माझ्याकडे येण्याआधीच समोरच्याला लिहिलं होतं, ‘दोन वर्षं सांगतोय, नाव बदला.’ दोन वर्षं कोर्टाची पायरी न चढलेल्याला तातडीचा मनाई हुकूम मागायला कोणत्या तोंडाने उभं करायचं? तातडी नसेल तर कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. समोरच्याने यायलाच हवं असं नसतं. तो आला, कारण छपाईची बिलं त्याच्या वकिलांना आधीच पाठवली होती. शिवाय कंपनी नोंदून तीन वर्षं झाली नव्हती, त्यामुळे कंपनी कायद्याच्या कलम 16 खाली तिचं नाव बदलायला लावण्याची वाटही खुली होती.

तडजोडीत नवं नाव, कंपनीच्या नावात बदल आणि जुना माल संपवायला तीन महिने ठरले. मी आग्रहाने घातलेली अट वेगळी: त्याचे छपाईचे सिलिंडर मोडीत काढून पावती द्यायची. सिलिंडर शाबूत राहिले की पाकिटं दुसऱ्याच्या नावावर पुन्हा बाजारात येतात. भरपाई मिळाली नाही. पक्षकार नाराज आहेत, आणि त्यांचं चूक नाही.

आता 2017 ची नोंदणी तशीच ठेवून नवा अर्ज केला आहे, प्रतिज्ञापत्रासह. पक्षकारांना तिथे 1998 हवं होतं. शपथेवर लिहायचं तर कागद हवा, आणि हाती असलेला सर्वांत जुना कागद तो सिलिंडरच्या बिलाचाच. म्हणून रकान्यात 2003 टाकलं.